महागड्या इलेक्ट्रिक गिटारवर समोरून दिसणारा बॅज कशाला हवा?

खर्जाची तार:
परवा पुण्यात एका दुकानात एक गिटार हातात घेतली, किंमत अडीच लाखाच्या वर. फ्लेम मेपलचा टॉप, फ्रेटची (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं इतकी नीट घासलेली की बोट कुठेच अडत नाही, पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबक) पण सुरेख. आणि बॉडीवर, उजवा हात टेकतो त्याच्या जरा खाली, रुपयाएवढा धातूचा बॅज, हे खास मॉडेल आहे असं सांगणारा. दहा मिनिटांत शर्टाची बाही दोनदा त्याच्या कडेला अडकली. दुकानदार म्हणतो लोक बॅज बघूनच घेतात. मला ते ऐकून खरंच वाईट वाटलं.
कंपनीचं नाव हेडस्टॉकवर, म्हणजे दांडीच्या टोकाला खुंट्या असतात तिथे, असू दे, त्याला कोणाची ना नाही, पण ही भारीतली आहे असं ओरडून सांगणारी पट्टी समोर कशाला? फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपचा (खास गिटारी बनवणाऱ्या विभागाचा) शिक्का हेडस्टॉकच्या मागे असतो, पीआरएस कंपनीच्या निवडक लाकडाच्या 'टेन टॉप'चा 10 आकडा पण मागेच. आणि गिब्सन कंपनीच्या 1958 ते 60 मधल्या सनबर्स्ट (मध्ये फिक्या, कडेला गडद रंगाच्या) लेस पॉल गिटारी, ज्यांच्यासाठी लोक आज घर विकायला तयार होतील, त्यांचं ट्रस रॉड कव्हर (हेडस्टॉकवरची छोटी झाकणपट्टी) चक्क कोरं आहे. काय चीज आहे ते वाजवणाऱ्याला पहिल्या कॉर्डला कळतं.

काळी पाच:
नाही पटलं. गिटार स्टेजवरची वस्तू आहे, ती नुसती कानासाठी कधीच नव्हती. ग्रेच कंपनीची व्हाइट फाल्कन बघा, 1950 च्या दशकातली, पांढरी शुभ्र बॉडी, कडेला चमचमणारं सोनेरी बाइंडिंग, आज 70 वर्षांनीही लोक तिच्याकडे बघत राहतात. आणि आपल्याकडे मिरजेचा तानपुरा घ्या की, भोपळ्यावरची नक्षी, कोरलेली पानं, वेलबुट्टी, ती काढली तर सूर तोच राहील पण कारागिराचा अर्धा जीव गेला असं वाटेल. वाद्य सजवायची आपल्याला कधीपासून लाज वाटायला लागली?

खर्जाची तार:
लाज नाही हो. तानपुऱ्याची पानं भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो सांधा झाकतात, म्हणजे ती वाद्यातूनच उगवलेली असतात. 'मी महाग आहे' असं ती म्हणत नाहीत. माझी तक्रार नक्षीबद्दल नाही, पाटीबद्दल आहे.

काळी पाच:
मग गिब्सनच्या 335 मॉडेलचं काय कराल? बिग्सबी (तारांचा सूर हलवायचा दांडा असलेला टेलपीस) लावून आलेल्या बऱ्याच जुन्या 335 वर 'कस्टम मेड' लिहिलेली छोटी पट्टी असते. ती का, तर साध्या टेलपीसची (तारा खाली अडकवायच्या पट्टीची) भोकं आधीच पाडलेली असायची आणि ती झाकायला हवी होती. आता तीच पट्टी लोकांना इतकी आवडते की नव्या रिइश्यूवर (जुन्या मॉडेलच्या नव्या आवृत्तीवर) मुद्दाम लावतात. पाटीच आहे ना ती? पण तिच्यात एक गोष्ट आहे आणि मला ती गोष्ट समोरच दिसायला हवी, मागे लपवलेली नको.

तिरपा स्ट्रोक:
तुम्ही दोघं वाजवणाऱ्याला विचारायला विसरताय. 1950 च्या दशकाच्या मध्यात ग्रेचने गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सच्या नावाची 6120 गिटार काढली, तिच्या टॉपवर गुरांना डागतात तसा मोठा इंग्रजी 'जी' उमटवलेला, फ्रेटबोर्डवर निवडुंग आणि गुरांची डोकी कोरलेली. ज्याच्या नावाने काढली त्यालाच ते काउबॉय प्रकरण आवडलं नाही, आणि थोड्याच वर्षांत ते सगळं हळूहळू काढून टाकलं. 2015 ला पण तेच, गिटारवादक लेस पॉल यांच्या शंभराव्या वाढदिवसाचं म्हणून गिब्सनने हेडस्टॉकवर नेहमीच्या अक्षरांऐवजी सहीसारखं 'लेस पॉल 100' टाकलं आणि मागे होलोग्राम चिकटवला. लोक इतके वैतागले की पुढच्या वर्षी जुनं हेडस्टॉक परत आलं. मी स्वतः दर शनिवार-रविवार लग्नाच्या बँडमध्ये वाजवते, चार-चार तास गिटार अंगावर असते, मला बॉडीवर काहीही टोचणारं नको. दिसायला पीआरएसचे पक्षी मला प्रचंड आवडतात, आणि ते फ्रेटबोर्डमध्ये बसवलेले, बोटाला लागतही नाहीत, शिवाय कितवा फ्रेट आहे ते अंधारात तेवढंच कळतं. सजावट अशी कामाला लागलेली असली की मी खूश.

काळी पाच:
ताई, तुमचा मुद्दा मान्य, टोचलं नाही पाहिजे. पण टोचतो म्हणून बॅजच नको, हे म्हणजे खडा लागला म्हणून भातच टाकून देण्यासारखं झालं. लाकडात खाचा करून सपाट बसवा ना. माझ्याकडे एका मित्राने 1979 ची, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलच्या पंचविसाव्या वाढदिवसाची स्ट्रॅट आणली होती, बॉडीच्या वरच्या शिंगावर काळ्या अक्षरात 'अ‍ॅनिव्हर्सरी' लिहिलेलं. तिच्यावर लोक नाकं मुरडतात ते माहितीये, पण ती त्या काळाची खूण आहे, आणि मला ती त्या अक्षरांसकट हवी आहे.

फ्रेटवाला:
वीस वर्षं दुरुस्तीचं काम करतो म्हणून मध्ये पडतो. बॅज लावणाऱ्याला एक गोष्ट कळत नाही, नायट्रो लॅकर (गिटारवर मारतात ते एक वार्निश) वर्षांनुवर्षं पिवळं पडत जातं, आणि बॅजखालचं पडत नाही. दहा-पंधरा वर्षांनी कोणी कंटाळून तो काढला की खाली बरोबर त्याच आकाराचा फिका डाग राहतो, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा, आणि तो जात नाही, किती पॉलिश करा. पिनांनी बसवला असेल तर वर दोन भोकं. भोकाच्या कडेने लॅकरला बारीक तडे जातात, केसासारखे, नखाने चाचपले तरी लागत नाहीत पण उजेडात दिसतात. एक गिटार आली होती माझ्याकडे, मालक रडकुंडीला आला होता, कारण नवीन फिनिश मारलं की जुन्या गिटारची किंमत पडते आणि न मारावं तर तो डाग रोज डोळ्यासमोर. दुसरं म्हणजे बॅजने अस्सलपणा अजिबात सिद्ध होत नाही, नकली गिटारींवर लोगो, बॅज, सगळं असतं, कधीकधी अस्सलपेक्षा जास्त चकचकीत. मी नेक (दांडी) काढून आतल्या लाकडातल्या खाचा आणि वायरिंग बघतो, बॅज शेवटी बघतो.

काळी पाच:
डागाचं मला माहीत नव्हतं, हे खरंच महत्त्वाचं आहे. पण मग हे ठरवा ना की बॅज हेडस्टॉकवरच हवा, पिना नकोत, सपाट इनले (लाकडात खाच करून बसवलेला). अजिबातच नको हे मी मानणार नाही, माझ्या मुलाला गिटार शिकावंसं वाटलं ते एका चमकत्या हेडस्टॉककडे बघूनच.

खर्जाची तार:
हेडस्टॉकवर सपाट इनले असेल तर माझी काही हरकत नाही, तेवढं मी मागे घेतो. बॉडीवर मात्र नाही म्हणजे नाही. फ्रेटवाले दादा, ती दुकानातली गिटार आवाजाने मला सोडवत नाहीये, तो बॅज काढून मिळेल का हे विचारायला शनिवारी परत जातोय. काढता येईल असा आहे की नाही हे कसं ओळखायचं?

फ्रेटवाला:
दुकानाच्या दिव्याखाली बघू नका, दाराशी नेऊन तिरप्या उजेडात धरा. बॅजच्या कडेला नख फिरवा, बारीक फट लागली तर चिकटवलेला असण्याची शक्यता जास्त, हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेने सुटू शकतो, पण ते घरी करू नका, नायट्रो मऊ पडतं. कड लॅकरखाली गेलेली असेल तर हात लावू नका. जवळून दोन फोटो काढून इथे टाका आणि तोवर पैसे देऊ नका.