‘एआयचे शासन’ म्हणजे कोणाचं कोणावर? शब्द सुचवा

प्रश्न : भाषांतरात अडकलेली

एका संस्थेसाठी आठ पानी पुस्तिका मराठीत करते आहे. सरकारचं एआयबद्दल काय चाललंय ते ग्रामपंचायत सदस्य, बचत गट आणि कॉलेजच्या मुलांना समजेल असं लिहायचंय. पहिल्याच ओळीत ‘एआय गव्हर्नन्स’, म्हणजे एआय कशी वापरायची, कोणी तपासायची याची सगळी व्यवस्था. माझ्याकडे आलेल्या हिंदी मसुद्यात ‘एआई शासन’ आहे (हे मला दर वेळी ‘ए आई’ असंच वाचायला येतं). मी ‘एआयचे शासन’ केलं आणि आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, “म्हणजे आता मंत्रालयात यंत्रं बसणार?”

कोणता शब्द घेऊ? शासन, प्रशासन, नियमन, नियंत्रण, की सरळ गव्हर्नन्स?

प्रतिसाद : निवृत्त कारकून, भाषांतर शाखा

आईंचं काही चुकलेलं नाही. घोळ षष्ठीचा आहे. ‘आईचं रागावणं’ म्हटलं की आई रागावते. ‘चोरांची धरपकड’ म्हटलं की चोर धरले जातात. ‘शासन’ दोन्हीकडे झुकतं. शिवाय आपल्याकडे शासन म्हणजे थेट सरकार. महाराष्ट्र शासन, शासन निर्णय, तालुक्यापर्यंत हाच अर्थ पोचलेला आहे. आणि ‘कठोर शासन करा’ म्हटलं तर शिक्षा. म्हणजे तुमच्या शीर्षकातून एआय राज्य करते, एआयचं सरकार येतं किंवा एआयला फटके पडतात. तुम्हाला हवा तो अर्थ तेवढा निघत नाही.

‘नियमन’ला ही अडचण नाही. वाहतुकीचं नियमन म्हटलं की वाहतूक कोणाचं नियमन करते आहे असं कोणाच्या मनात येत नाही. पण नियमन हा गव्हर्नन्सचा एक भाग झाला. समित्या, तक्रारीची सोय, कोणी काय तपासायचं, सरकार स्वतः एआय विकत घेताना काय पाहणार, हे त्यात मावत नाही. त्यासाठी मी ‘कारभार’ घेईन. ‘एआयचा कारभार’ नको, तिथे षष्ठी पुन्हा तेच करेल. ‘एआयबाबतचा कारभार’.

प्रतिसाद : कोशकिडा

‘काय कारभार करून ठेवलास हा!’ हेही मराठीच आहे. तरी माझं मत कारभारालाच.

हिंदी मसुदा समोर आहे म्हणून सावध करतो. तिथली ‘नीति’ इथे ‘नीती’ म्हणून उचलू नका. आपल्याकडे नीती म्हणजे चांगलं-वाईट, पॉलिसी म्हणजे धोरण. राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी जे केलं तेही ‘महाॲग्री-एआय धोरण’च आहे. ‘एआय नीती’ हा शब्द एआयच्या नैतिक प्रश्नांसाठी मोकळा ठेवा, पुढच्या पानांवर लागेल.

भाषांतरात अडकलेली

लागलाच आहे. दुसरा पेच. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ५ नोव्हेंबर २०२५ला ‘इंडिया एआय गव्हर्नन्स गाइडलाइन्स’ काढल्या. त्यांना मार्गदर्शक सूचना म्हणू की मार्गदर्शक तत्त्वे?

निवृत्त कारकून

तत्त्वे. ‘सूचना’ मराठीत फार लवचीक आहे. सभेत केली तर विनंती, ‘सक्त सूचना’ म्हटली तर हुकूम. (हिंदीत ती निव्वळ माहिती, म्हणून त्यांचं ‘सूचना प्रौद्योगिकी’ आणि आपलं ‘माहिती तंत्रज्ञान’.) या लवचिकतेचा त्रास याच विषयात एकदा झालेला आहे. १ मार्च २०२४ला याच मंत्रालयाने एक ‘ॲडव्हायझरी’ काढली. नाव सल्ल्याचं, पण आत लिहिलं होतं की पुरेशी तपासणी न झालेलं एआय मॉडेल लोकांना द्यायचं असेल तर सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. सल्ल्यात परवानगी कशी, म्हणून आरडाओरडा झाला आणि १५ मार्चला ती अट काढून नवी ॲडव्हायझरी आली. मराठीत दोन्हींना ‘सूचना’ म्हटलं तर काय बदललं ते वाचकाला कळणारच नाही.

‘मार्गदर्शक तत्त्वे’ म्हटलं की शाळेतलं नागरिकशास्त्र आठवतं. राज्यघटनेचा चौथा भाग, न्यायालयात दाद मागता येत नाही, पण कारभार करताना लक्षात ठेवायची. कलम ३७ मध्ये इंग्रजीत ‘गव्हर्नन्स’ हाच शब्द आहे, बघा. २०२५च्या तत्त्वांचं तसंच आहे. सध्या वेगळा एआय कायदा नको, माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा अधिनियम यांसारखे असलेले कायदे वापरा, असा त्यांचा सूर आहे. वाचकाला शब्दावरूनच अर्धं कळेल.

कोशकिडा

त्यात सात ‘सूत्रं’ आहेत, ती तशीच ठेवा. फक्त ‘सूत्रांनुसार’ असं वाक्य सुरू करू नका, बातमी वाटेल.

प्रतिसाद : म्युनिकहून

युरोपचा उल्लेख असेल तर एक खड्डा दाखवतो. तिथला एआय ॲक्ट कागदोपत्री ‘रेग्युलेशन’ आहे, २०२४चा १६८९ क्रमांकाचा, १ ऑगस्ट २०२४पासून अमलात. आपल्या कायद्याच्या मराठीत रेग्युलेशन म्हणजे विनियम, अधिनियमाच्या हाताखालचा. सेबी किंवा रिझर्व्ह बँक करते तसा. युरोपीय संघाचं रेग्युलेशन मात्र सगळ्या सदस्य देशांत थेट लागू होतं. ‘युरोपचा एआय विनियम’ लिहिलंत तर एवढा मोठा कायदा परिपत्रकासारखा वाटेल. ‘कायदा’ म्हणा. जर्मन लोकही यात अडकतात. इथे त्याला ‘केआय-फेरऑर्डनुंग’ म्हणतात आणि जर्मनीच्या घरच्या कायद्यात फेरऑर्डनुंग ही मंत्रालयाने काढायची दुय्यम गोष्ट.

दुसरं, याच कायद्यातला ‘हाय रिस्क’ हा वर्ग. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मराठी लेखांत ‘धोकादायक एआय’ असतं. चूक. जे खरंच नको, ते या कायद्याने बंदच केलं आहे, उदाहरणार्थ सरकारने वागणुकीवरून माणसांना गुण देणं. ती बंदी २ फेब्रुवारी २०२५पासून आहे. ‘हाय रिस्क’ म्हणजे चालेल, पण अटींवर: नोकरीसाठी अर्ज चाळणं, कर्जाची पत ठरवणं वगैरे.

निवृत्त कारकून

मग ‘जोखमीची’. आमच्या घरी लग्नात दागिन्यांची पिशवी कोणाकडे द्यायची यावर चर्चा व्हायची, कारण ‘जोखमीचं काम’. काम वाईट नव्हतं, भरवशाचं माणूस लागायचं. म्युनिककर सांगताहेत ते हेच ना?

म्युनिकहून

अगदी. आणि भरवशाचा माणूस तिथे खरोखर लिहिलेला आहे. कलम १४ मध्ये मानवी देखरेख सांगितली आहे, म्हणजे नुसतं बघत बसणं नाही. यंत्राचा निकाल बाजूला ठेवता आला पाहिजे, ते थांबवता आलं पाहिजे.

भाषांतरात अडकलेली

शेवटचा. ‘अकाउंटेबिलिटी’. उत्तरदायित्व लिहिलं की बचत गटातल्या बायका पान उलटणार. जबाबदारी लिहिलं तर ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ला काय ठेवू?

कोशकिडा

जाब. ‘जाब देणे’. गेल्या वर्षी एका बँकेत माझा अर्ज परत आला. कारण विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सिस्टिम घेत नाहीये.” साहेबांना विचारलं, तेही तेच. सिस्टिम ज्यांनी बनवली ते कुठल्या शहरात आहेत हेही त्यांना माहीत नव्हतं. काम नीट करणं ही त्या मुलाची जबाबदारी होती आणि त्याने ती पार पाडली. जाब द्यायला मात्र कोणीच नव्हतं. युरोपच्या कायद्यात बनवून देणारा आणि आपल्या कामात वापरणारा, म्हणजे इथे बँक, हे वेगळे धरले आहेत आणि दोघांची कामं वेगळी लिहिली आहेत. मराठीत दोघांना ‘वापरकर्ता’, ‘कंपनी’ असं मोघम म्हणू नका. एक ‘पुरवठादार’, दुसरा ‘उपयोजक’. ज्याचा अर्ज परत येतो तो यांपैकी कोणी नाही, तो आपला ग्राहक.

भाषांतरात अडकलेली

मग शीर्षकात नामच नको असं वाटायला लागलंय. आत्ता लिहिलंय: ‘एआय कोणी, कशी वापरायची आणि चुकलं तर जाब कोणी द्यायचा?’ लांब आहे, पण आईने एकदाच वाचलं आणि पुढच्या पानावर गेली.

कोशकिडा

उत्तम. फक्त पान तीनवर ‘एआय आला’ आणि पान पाचवर ‘एआय आली’ असं होऊ देऊ नका.

भाषांतरात अडकलेली

झालंय. शिवाय सातव्या पानावर ‘आलं’.