शॉर्टकट, अलायस आणि सिमलिंक यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह टाकू का?

सातारची संगणक शिक्षिका

नमस्कार. मी अकरावी-बारावीला संगणक शिकवते. विंडोज १० ला सुरक्षा-सुधारणा मिळणं थांबल्यावर आमच्या लॅबमधल्या वीसपैकी बारा संगणकांवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं. उरलेल्या आठांवर अजून विंडोजच आहे आणि माझ्या घरी मॅक. मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून भिंतीवर लावायला तीन रकान्यांचा तक्ता करतेय. पहिल्या ओळीत 'फोल्डर = डिरेक्टरी' लिहिलं आणि दुसरीला अडले: शॉर्टकट (विंडोज) = अलायस (मॅक) = सिंबॉलिक लिंक, म्हणजे सिमलिंक (लिनक्स). असं लिहिणं बरोबर होईल का?

जपून विचारतेय, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी एका मुलीनं प्रकल्प म्हणून पेन ड्राइव्हवर शॉर्टकट आणला. घरच्या डेस्कटॉपवरचं चिन्ह तिनं ओढून पेन ड्राइव्हवर टाकलं होतं. दोन केबीची फाइल, उघडणार कशी? चार आठवड्यांचं काम घरी राहिलं आणि ती माझ्यासमोर रडवेली उभी. 'शॉर्टकट म्हणजे तीच फाइल, फक्त सोयीच्या जागी' हे वर्गात मीच सांगितलं होतं. ते मनातून जात नाही.

आणखी एक. उबुंटूवर बसलेली मुलं 'मॅडम, सी ड्राइव्ह कुठंय?' असं विचारतात. 'माउंट' त्यांना कसं समजावू?

जुना डॉसवाला

मॅडम, पहिल्या ओळीचं मी सांगतो. डिरेक्टरी म्हणजे यादी, टेलिफोन डिरेक्टरीतली असते तशीच. लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या युनिक्समध्ये त्या यादीत फाइलचं नाव आणि एक क्रमांक एवढंच असतं. मजकूर डिस्कवर दुसरीकडे. फोल्डर हे कचेरीतल्या टेबलाचं चित्र आहे. झेरॉक्सच्या स्टार संगणकावर ते १९८१ मध्ये दिसलं, १९८४ च्या मॅकिंटॉशमुळे लोकांच्या ओळखीचं झालं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत तर उपडिरेक्टऱ्याच नव्हत्या, त्या १९८३ च्या २.० मध्ये आल्या. तिरकी रेघ (/) तोवर कमांडच्या पर्यायांसाठी वापरात होती, म्हणून फाइलच्या मार्गासाठी (पाथ) उलटी रेघ (\) घेतली. मुलं आजही दोन्हींत घोटाळा करतात त्याचं मूळ तिथं आहे. विंडोज ९५ ने पडद्यावर 'फोल्डर' म्हणायला सुरुवात केली, तरी डिरेक्टरी बनवायची कमांड अजून 'एमडी' आणि बदलायची 'सीडी'च, त्यातला 'डी' डिरेक्टरीचा.

तेव्हा बरोबरचं चिन्ह चालेल, पण खाली एक टीप घाला: कंट्रोल पॅनेल फोल्डरसारखं उघडतं, पण त्या नावाची डिरेक्टरी डिस्कवर सापडणार नाही.

सी ड्राइव्हचं म्हणाल तर ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीला गेली होती, हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. फ्लॉपी गेली, अक्षर राहिलं.

सर्व्हर सांभाळणारी

दुसऱ्या ओळीत बरोबरचं चिन्ह अजिबात टाकू नका. तिन्ही वस्तू वेगळ्या आहेत.

विंडोजचा शॉर्टकट ही 'एलएनके' शेपटीची स्वतंत्र लहान फाइल असते. तिच्यात मूळ फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. तुमच्या विद्यार्थिनीनं पत्त्याची चिठ्ठी आणली, घर आणलं नाही. मॅकचा अलायस १९९१ च्या सिस्टम ७ पासूनचा. तो पत्त्याबरोबर फाइलची ओळखही जपतो, म्हणून त्याच डिस्कवर मूळ फाइल दुसरीकडे हलवली तरी तिला शोधून काढतो. पण टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, फोल्डरच्या अलायसवर 'सीडी' करून बघा, आत जाता येणार नाही. सिमलिंकचं नेमकं उलट आहे. सगळे प्रोग्राम तिच्यातून आरपार जातात, कारण ती फाइल सिस्टमलाच, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेलाच, कळते. मात्र तिच्याकडे मार्गाखेरीज काहीच नसतं. मूळ फाइल हलली की ती तुटली.

गंमत म्हणजे खरी सिमलिंक विंडोजमध्येही आहे, व्हिस्टापासून 'एमकेलिंक' कमांडनं करता येते. फक्त क्रम सांभाळा: लिनक्सच्या 'एलएन -एस'मध्ये मूळ आधी, 'एमकेलिंक'मध्ये नवं नाव आधी. माझ्या हातून हे अजून उलटसुलट होतं, म्हणून मी मॉनिटरला कागद चिकटवलाय.

जमलं तर हार्ड लिंकही सांगा. एकाच मजकुराला दोन नावं. एक पुसलं तरी मजकूर राहतो, शेवटचं नाव गेलं की जातो. डॉसवाले काका म्हणतात ती यादी इथं मुलांना खरोखर समजते.

माउंट: पूर्वी ऑपरेटर टेप किंवा डिस्क उचलून यंत्रावर चढवायचे, तो शब्द तसाच राहिला. मी 'जोडणे' म्हणते. विंडोज जोडलेल्या डिस्कला नवं अक्षर देतं. लिनक्समध्ये एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्याच्या एखाद्या फांदीला जोडायची. उबुंटूवर पेन ड्राइव्ह 'मीडिया'खाली दिसेल, मॅकवर 'व्हॉल्यूम्स'खाली.

ठाण्याचा मुद्रितशोधक

तक्त्यात 'नाव' अशीही एक ओळ हवी. लिनक्सला मोठं ए आणि लहान ए वेगळे, विंडोज आणि मॅकला सहसा सारखेच, हे बहुतेकांना माहीत असतं. आपल्या लिपीतली अडचण मात्र कुणी सांगत नाही. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातला ऱ एक अक्षर म्हणून साठवता येतो किंवा र आणि नुक्ता असा दोन तुकड्यांत. मॅकची जुनी फाइल सिस्टम, एचएफएस प्लस, त्याचे तुकडे करायची. लिनक्सची फाइल सिस्टम ईएक्सटी४ नावं दिसण्यावरून नाही, साठवलेल्या बाइटवरून जुळवते, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली राहू शकतात. माझी एक दुपार अशा जोडीत गेली. शिवाय ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं.

सातारची संगणक शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. बरोबरची चिन्हं खोडली. आता रकाने असे आहेत: मूळ फाइल हलवली तर काय होईल, मूळ पुसली तर काय, पेन ड्राइव्हवर नेली तर काय. आज घरी मॅकवर करून पाहिलं. फाइल 'डाउनलोड्स'मधून 'डॉक्युमेंट्स'मध्ये हलवली: अलायसनं उघडली, सिमलिंक तुटली. सोमवारी मुलं हे स्वतः करतील आणि उत्तरं तक्त्यात तीच भरतील. गेल्या वर्षीची ती मुलगी आता बारावीत आहे. पेन ड्राइव्हचा रकाना तिला भरायला सांगणार आहे.