फायनल इयर प्रोजेक्टसाठी सल्ला हवा: चौघांत मिळून वेब सर्व्हिस, कामाची वाटणी कशी करावी?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, चौघांचा ग्रुप, हातात दोन सेमिस्टर. विषय मंजूर झालाय: लॅबमधली साधनं (ऑसिलोस्कोप, आर्डुइनो किट, कॅमेरे) ठरावीक वेळेसाठी बुक करणं, नेणं, परत करणं. गाइडची अट अशी की नुसती वेबसाइट चालणार नाही. दुसऱ्या विभागाला त्यांच्या सिस्टिममधूनही बुकिंग करता आलं पाहिजे, म्हणजे एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे विनंती पाठवायची ठरलेली पद्धत) नीट हवा.

सध्या एक जण फ्रंटएंड (दिसणारे पडदे), एक बॅकएंड (सर्व्हरवरचा कोड), एक डेटाबेस आणि एक ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) अशी वाटणी आहे. बॅकएंडवाल्याला पायथन चांगलं येतं. सिनॉप्सिसमध्ये (प्रोजेक्टच्या आराखड्यात) मायक्रोसर्व्हिसेस (एका कामाच्या अनेक छोट्या, स्वतंत्र चालणाऱ्या सेवा) लिहिलंय. ही वाटणी चालेल का, आणि डेमोच्या दिवशी फजिती होऊ नये म्हणून काय करावं?

उंबरठा

वाटणी आजच मोडा. थरांप्रमाणे आडवी वाटणी केली की टेबलं झाल्याशिवाय बॅकएंड हलत नाही, आणि तोवर फ्रंटएंडवाला खोटा डेटा लावून पडदे सजवत बसतो. तिघांचं काम एकमेकांना पहिल्यांदा भेटतं ते थेट दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर. तेव्हा कळतं की एकाने ०५-०९ अशी तारीख पाठवली आणि दुसऱ्याने ती ९ मे म्हणून साठवली. ब्लॅक बुकवाल्याचं तर ओरलला फारच अवघड होतं, कारण एक्स्टर्नलचा (बाहेरून आलेल्या परीक्षकाचा) पहिला प्रश्न असतो, 'यातलं तुम्ही काय केलंत?'

उभी वाटणी करा. लॉगिन आणि अधिकार एकाकडे, साधनांची यादी आणि शोध दुसऱ्याकडे, बुकिंग तिसऱ्याकडे, नेणं-आणणं आणि दंड चौथ्याकडे. ज्याचा भाग त्याने टेबलापासून पडद्यापर्यंत करायचा, ब्लॅक बुकमधलं त्याचं प्रकरणही त्यानेच लिहायचं. बुकिंग सगळ्यांत अवघड, ते पायथनवाल्याला द्या.

मात्र ही वाटणी चौथ्या आठवड्यापासून. पहिले तीन आठवडे चौघांनी एकाच जागी बसून एवढंच करायचं: एक टेबल, 'साधनांची यादी द्या' ही एकच विनंती, ती दाखवणारा एक पडदा, आणि हे सगळं लॅपटॉपवर नव्हे तर सर्व्हरवर चालतंय. दिसायला काहीच नाही, पण पासवर्ड कुठे ठेवायचे, डेटाबेसला कसं जोडायचं, नवीन कोड सर्व्हरवर कसा चढवायचा, ही सगळी भांडणं तिथेच मिटतात.

मायक्रोसर्व्हिसेस नकोच. चार सेवा म्हणजे चार ठिकाणी डिप्लॉयमेंट आणि चार ठिकाणचे लॉग. शिवाय बुकिंग एका डेटाबेसमध्ये आणि साधन दुसऱ्यात गेलं की दोन्ही बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये (झाले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही असे) बांधता येत नाहीत. एकच अ‍ॅप्लिकेशन आणि आत चार स्वतंत्र मॉड्यूल ठेवा. गाइडना हेच कारण सांगून सिनॉप्सिस बदलून घ्या. विचार करून घेतलेला निर्णय रिव्ह्यूत चांगलाच दिसतो.

करारपत्र

वरच्याला पूर्ण अनुमोदन. वाटणीआधी एपीआयचा करार लिहून काढा. ओपनएपीआयची (एपीआयचं वर्णन लिहायचा ठरलेला नमुना) एक फाइल रेपोमध्ये (कोडच्या सामाईक साठ्यात) ठेवा, आणि ती चौघांच्या संमतीशिवाय बदलायची नाही. फास्टएपीआय (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) वापरणार असाल तर ती कोडमधून आपोआप तयार होते. तरी विनंतीत काय येणार आणि उत्तरात काय जाणार, हे आधी ठरवून मगच आतलं लिहा.

बुकिंगपुरतं सांगतो. विनंतीत तीनच गोष्टी: कोणत्या प्रकारचं साधन, कधीपासून, कधीपर्यंत. उत्तरासोबत एचटीटीपीचा कोड जातो: बुकिंग झालं तर २०१. ती वेळ आधीच दुसऱ्याने घेतलेली असेल तर ४०९. लॉगिन नसेल तर ४०१, लॉगिन आहे पण अधिकार नाही तर ४०३. सगळ्याला २०० (म्हणजे 'ठीक') देऊन आत 'एरर' लिहू नका. दुसऱ्या विभागाचा प्रोग्रॅम आधी कोड बघतो आणि काम झालं असं समजून पुढे जातो. चुकीच्या उत्तराचा साचाही चौघांचा एकच हवा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. विनंती पोचली, बुकिंग झालं, पण उत्तर परत येताना नेट गेलं. समोरचा तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि दोन किट अडकतात. म्हणून प्रत्येक विनंतीसोबत पाठवणाऱ्याने एक वेगळी खूण द्यायची. तीच खूण २४ तासांत पुन्हा आली तर नवीन बुकिंग न करता जुनंच उत्तर परत द्या.

विभागांच्या सिस्टिमना लॉगिन देऊ नका. प्रत्येक विभागाला वेगळी एपीआय की (गुप्त किल्ली) द्या आणि आपल्याकडे तिचा हॅशच (ज्यावरून मूळ की काढता येत नाही असं रूप) साठवा. एखादी फुटली तर तेवढीच रद्द करता येते.

क्वेरीकर

डेटाबेससाठी पोस्टग्रेस घ्या, कारण तुमच्या प्रोजेक्टचा गाभा 'एकच वस्तू एकाच वेळी दोघांना नको' हा आहे, आणि ते काम पोस्टग्रेस स्वतः करतं.

नेहमीचा कोड असा असतो: आधी बघा वेळ मोकळी आहे का, असेल तर नोंद घाला. एकाच क्षणी दोन विनंत्या आल्या की दोघींनाही वेळ मोकळी दिसते आणि दोन्ही नोंदी पडतात. एकट्याने तपासताना हे कधीच सापडत नाही. उपाय म्हणजे एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (डेटाबेसमध्येच लावलेला नियम): साधनाचा क्रमांक सारखा आणि वेळेचे पट्टे एकमेकांवर येत असतील तर नोंद नाकार. त्यासाठी आधी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेंशन चालू करावं लागतं. नाकारल्यावर २३पी०१ हा एरर येतो, तो पकडून ४०९ पाठवा.

पट्टा अर्धा उघडा ठेवा, म्हणजे सुरुवात धरायची आणि शेवट धरायचा नाही. नाहीतर १० ते १२ आणि १२ ते २ ही बुकिंगं एकमेकांना अडवतील. वेळ टाइमझोनसकट साठवा आणि भारतीय वेळेत फक्त दाखवताना बदला. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर असतं. हे विसरलात तर सकाळी १०चं बुकिंग दुपारी साडेतीनला दिसेल.

एकसारखी १५ किट असतील तर 'संख्या १५' असं लिहू नका. प्रत्येक नगाला स्वतःची ओळ आणि डब्यावर तोच क्रमांक चिकटवलेला. विद्यार्थी प्रकार मागेल, सर्व्हर मोकळा नग निवडेल, तो हातचा गेला तर पुढचा बघेल. तपासायला एकाच वेळेसाठी २० विनंत्या समांतर सोडा. १५ना २०१ आणि पाचांना ४०९ मिळालं पाहिजे. हा निकाल ब्लॅक बुकमध्ये अवश्य घाला.

कोयनाकाठ

खूप आभार. आमच्यातले दोघे अजून व्हॉट्सअ‍ॅपवर झिप पाठवतात. गिटचे (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) नियम कसे ठेवावेत?

उंबरठा

मोजके ठेवा, पण मोडू देऊ नका. मेन ब्रांचवर (कोडच्या मुख्य प्रतीवर) थेट कोणी पुश करायचं नाही, तसं सेटिंगमध्येच बंद करा. ब्रांच दोन दिवसांपेक्षा जास्त जगू नये. पुल रिक्वेस्ट (आपले बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) ३०० ओळींच्या आत, आणि दुसऱ्या एकाने वाचल्याशिवाय मर्ज नाही. हजार ओळी आल्या की कोणी वाचत नाही, नुसतं 'ठीक आहे' लिहून सोडतो.

पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल पहिल्याच दिवशी गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका. चुकून गेलीच तर पुढच्या कमिटमध्ये काढून भागत नाही, इतिहासात ती राहतेच. पासवर्डच बदला. टेबलांतले बदल फक्त मायग्रेशनने (क्रमाने चालणाऱ्या बदलांच्या फाइलने) करा. दोघांनी एकाच वेळी पाचवं मायग्रेशन बनवलं तर ज्याचा कोड नंतर मर्ज होतो त्याने आपलं पुन्हा तयार करायचं.

सर्व्हरखोली

डेमोबद्दल. 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय' याची ठरलेली कारणं आहेत. विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला नाही, त्यामुळे इम्पोर्ट सर्व्हरवर तुटतो. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) लोकलहोस्ट म्हणजे तोच कंटेनर, डेटाबेस नव्हे. तिथे कंपोझ फाइलमधलं सेवेचं नाव लिहायचं. डिपेंड्स-ऑन एवढंच लिहिलं तर डेटाबेसचा कंटेनर आधी सुरू होतो, पण तो तयार होईपर्यंत कोणी थांबत नाही. त्याला हेल्थचेक (तयार आहे का ते बघणारी तपासणी) जोडा. पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायचं साधन) चालतं आणि ब्राउझरमध्ये नाही, असं झालं तर आधी कॉर्स (दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरला विनंती पाठवण्याबद्दलचे ब्राउझरचे नियम) बघा.

काही मोफत होस्टिंगवर थोडा वेळ कोणी फिरकलं नाही की सेवा झोपते आणि पहिल्या विनंतीला मिनिटभर लागू शकतं. एक्स्टर्नल येण्याआधी दहा मिनिटं ती उठवून ठेवा. कॉलेजच्या वायफायवर बरेचदा ८० आणि ४४३ सोडून बाकी पोर्ट बंद असतात, तेव्हा मोबाइल हॉटस्पॉट तयार हवा. डेमोचा डेटा एका स्क्रिप्टने भरा, म्हणजे एका आदेशात सगळं पहिल्यासारखं होतं. आदल्या रात्री नवीन कोड चढवू नका.

कोयनाकाठ

कन्स्ट्रेंट लावून बघितला, २० विनंत्यांना अगदी १५ आणि ५ आलं! पण रद्द केलेलं बुकिंगही वेळ अडवून ठेवतंय. आणि एखाद्याने किट वेळेत परतच केलं नाही तर?

क्वेरीकर

कन्स्ट्रेंटला अट जोडता येते: स्थिती 'रद्द' नसलेल्या ओळींनाच तो लागू करा. ओळ खोडू नका, दंडाच्या हिशोबाला लागेल.

उशिराचं मात्र बुकिंगच्या टेबलात कोंबू नका. बुकिंग म्हणजे ठरलेली वेळ, देणं-घेणं म्हणजे प्रत्यक्षात घडलेलं. दोन वेगळी टेबलं. नग परत आला नाही तर बुकिंगची वेळ ताणत बसू नका, नाहीतर पुढच्याचं बुकिंग आडवं येईल आणि अपडेटच नाकारला जाईल. पुढच्याला त्याच प्रकारचा दुसरा मोकळा नग द्या, नसेल तर तसं कळवा. दंड पैशांत, पूर्णांकात साठवा: १२ रुपये ५० पैसे म्हणजे १२५०.