गणपतीला माहेरी जायचं ठरलं की बायकोचं पोट बिघडतं

आम्ही रत्नागिरीत, तिचं माहेर देवगडकडे. चतुर्थी जवळ आली की जेवण जात नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. माहेरी रात्री दाराला ट्रंक लावून झोपते. झोपते कसली, जागीच असते. मागून हात लावला तर दचकते. परवा म्हणाली, लहानपणी नात्यातल्या एकाने त्रास दिला होता. पंचवीस वर्षांनी एवढं राहू शकतं?

— राहतं. पण पोटाचं प्रत्येक दुखणं त्यातलंच, असं घरबसल्या ठरवू नका.

— मी मालवणची, माझंही तसंच. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवं व्हायचं, वर कोणीतरी वाकणार, म्हणून दाढ किडवली पण गेले नाही. कारण थेरपिस्टकडे गेल्यावर कळलं. नवऱ्याने 'तेव्हाच का नाही बोललीस' विचारलं नाही, हे फार झालं. तुम्हीही खोदून विचारू नका.

— टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तिला हवं असेल तरच. आणि यंदा माहेरचा आग्रह नको, सासूबाई काय म्हणतील ते तुम्ही निस्तरा.

— तो माणूस अजून घरात येतो का? पोरंबाळं आहेत ना तिथे?