काकांनी टाकलेल्या क्लिपवरून

काका: त्या मंत्र्याच्या घरातल्या भांडणाची क्लिप टाकलीय. याला म्हणतात शोध पत्रकारिता!

आत्या: दादा, नवरा-बायकोचं भांडण चोरून टिपलंय, बाकी काही नाही. मागे एक लहान मूल रडतंय, ऐकलंस का? सरकारी पैसा, पदाचा गैरवापर, यातलं काय सापडलं?

काका: निवडून आलेल्या माणसाला कसलं आलंय खाजगी? मतं मागताना बायको-मुलं शेजारी उभी करतात ना!

ताई: काकांचं हे मला पटतं, आत्या.

आत्या: मग प्रश्न विचारा की! १९८१ मध्ये अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या ट्रस्टवर लिहिलं. बिल्डरांकडून देणग्या आणि त्यांना सरकारी कोट्यातून मिळालेलं सिमेंट, याचा संबंध लावला. प्रकरण हायकोर्टात गेलं, जानेवारी १९८२ मध्ये निकाल विरोधात लागला आणि मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. कुणाच्या घराच्या भिंतीला कान लावावा लागला नाही.

आत्या: उलट ब्रिटनमधलं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ बघ. लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकायचे. खून झालेल्या शाळकरी मुलीचेही ऐकल्याचं उघड झालं आणि १६८ वर्षांचा पेपर २०११ मध्ये बंद पडला.

आत्या: मी पेपरच्या डेस्कवर होते तेव्हा एक बातमीदार एका नेत्याच्या आजाराचे रिपोर्ट घेऊन आला. संपादकांनी एवढंच विचारलं, “यामुळे त्यांचं काम अडलंय का?” नाही म्हटल्यावर कागद परत दिले. पुढे दुसऱ्या एका पेपरने छापलं. त्या नेत्याच्या मुलीचा मला फोन आला, रडत होती. आजीला कुणी सांगितलंच नव्हतं, तिने पेपरात वाचलं. तो फोन मी अजून विसरले नाहीये.

ताई: बाप रे. पण आत्या, बायकोच्या नावावर जमिनी असतील तर? तेही घरातलंच ना?

आत्या: ते खाजगी नाही गं. २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून उमेदवाराला जोडीदाराचीही मालमत्ता शपथपत्रात जाहीर करावी लागते. तिथे जरूर खोदा, मी पहिली वाचेन.

काका: ती शपथपत्रं आपल्याला बघता येतात?

आत्या: निवडणूक आयोगाच्या साइटवर असतात. मागच्या निवडणुकीचं आणि या वेळचं, दोन्ही शेजारी ठेवून बघ. आणि दादा, ती क्लिप आधी काढ.

काका: काढली. शपथपत्राची लिंक पाठव.