मदत हवी आहे: पळसावरचा शिंजीर फोटोत काळाच येतोय

नमस्कार मंडळी,

वस्तीबाहेरचे पळस सध्या पानं गाळून नुसत्या फुलांवर उभे आहेत आणि सकाळी त्यांच्यावर जांभळ्या शिंजिरांची (फुलांतला मधुरस पिणारे चिमुकले पक्षी) झुंबड असते. अडचण अशी की नराच्या अंगावरची ती जांभळी-निळी झळाळी फोटोत उतरतच नाही. मागे उजळ आकाश, पुढे काळा ठिपका! ही झळाळी पिसांच्या बारीक रचनेमुळे दिसते, त्यामुळे प्रकाशाचा कोन महत्त्वाचा, एवढं माहीत आहे. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभी राहते, एक्स्पोजर +१ करते (म्हणजे फोटो एक पायरी उजळ). पण मग पाकळ्यांचा केशरी पार उडून जातो. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका लहान भागाचाच उजेड मोजणं) वापरावं, की रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून पक्ष्याचा अंधारा भाग नंतर उजळावा? लेन्स ७०-३०० मिमी आहे. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवला की डोकं हललेलं येतं (हा प्राणी एक क्षण स्वस्थ बसेल तर शपथ).

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जवळच एका वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला तांबट पक्षी ढोली कोरतोय. चोचीतून भुसा खाली टाकताना स्पष्ट दिसतो. तो काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला की मी मागे सरकते. एवढं पुरेसं आहे का? आडोसा करून बसलेलं बरं, की तिकडे फिरकूच नये?

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याचा सल्ला कृपया नको, विणीच्या दिवसांत तर नकोच. बाकी अनुभव असेल तर सेटिंगसकट लिहा.