जीभ टोचून घेण्यापूर्वी : आपापले अनुभव लिहावेत

रत्नागिरी
माझी १९ वर्षांची भाची दिवाळीच्या सुट्टीत जीभ टोचून घ्यायची म्हणते. आमच्याकडे कान-नाक टोचायला सोनार घरी येत असे, परंतु जिभेविषयी कोणालाच काही ठाऊक नाही. ‘मावशी, तू नाहीच म्हणणार’ हे ऐकून घेण्यापेक्षा तिच्यापुढे नीट माहिती ठेवावी, असे मला वाटते. सुई किती दुखते हे नको. पुढच्या दिवसांत काय होते, ते सविस्तर लिहावे.

मालवण
मी पर्यटकांना डायव्हिंगसाठी समुद्रात नेतो. पावसाळ्यात काम बंद असते म्हणून तेव्हाच पुण्याला जाऊन जीभ टोचून घेतली, एवढेच काय ते शहाणपण केले. तिसऱ्या दिवशी जीभ इतकी सुजली की तिच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे उमटले, आणि सुरुवातीला भोकात मुद्दाम लांब दांडी (टोकांना मणी असलेली धातूची काडी) का घालतात ते तेव्हा कळले. आखूड दांडी त्या सुजेत रुतून बसली असती. आठवडाभर आईच्या हातची कोमट पेज प्यायलो, समोर बांगड्याचे तिखले असूनही. जेवल्यावर प्रत्येक वेळी मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, अल्कोहोल असलेले माउथवॉश वापरायचे नाही, सिगारेट बंद. जखम भरायला ४ ते ६ आठवडे लागतात. मध्ये सूज उतरल्यावर आखूड दांडी बसवण्यासाठी पुन्हा पुण्याला जावे लागले, आणि इथून जायचे म्हणजे दोन दिवस मोडतात. तरी हा दुसरा फेरा खर्चात आधीच धरावा.

चिपळूण
मी दंतवैद्य आहे, आणि वरच्या अनुभवातला दुसरा फेरा न केलेले लोकच माझ्याकडे येतात. लांब दांडी तोंडात राहिली की ती दातांवर आपटत खेळण्याची सवय लागते. त्यातून दाताचा टवका उडतो आणि खालच्या पुढच्या दातांची आतली हिरडी घासून खाली सरकते. सरकलेली हिरडी आपणहून परत वर येत नाही. टोचणाऱ्याकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने हत्यारे निर्जंतुक करायचे यंत्र, आहे का, सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढतो का, दांडी इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवायला योग्य अशा टायटॅनियमची आहे का, हे विचारावे. इतर धातूंच्या दांडीत निकेल असू शकते, आणि त्याची अनेकांना ॲलर्जी असते. जिभेखालच्या शिरा बॅटरीच्या उजेडात न पाहताच जो टोचायला बसतो, किंवा कान टोचायची बंदूक जिभेला लावू पाहतो, त्याच्याकडून उठून यावे. हृदयाच्या झडपेचा विकार, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सावंतवाडी
माझ्या धाकट्या भावाने फिरायला गेला असताना एका टपरीवजा दुकानात जीभ टोचून घेतली. पाचव्या दिवशी ताप आला, हनुवटीखाली सूज चढली आणि थुंकी गिळवेना. सूज तिथून पसरली तर श्वासाची वाट बंद होऊ शकते, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे रात्रीच गाडी काढून त्याला गोव्याला न्यावे लागले. पहिला आठवडा तरी मोठ्या रुग्णालयाजवळ राहावे.

वेंगुर्ले
मी भजनी मंडळात गाते. ‘ठ’ आणि ‘ळ’ म्हणताना जीभ वर वळते, आणि प्रत्येक वेळी दांडीचा मणी टाळूला लागतो. ‘विठ्ठल’ म्हटले की माइकमधून बारीक ‘टक्’ ऐकू येत असे, आणि पेटीवाले काका चमकून माझ्याकडे पाहत. आखूड दांडीने आवाज गेला, पण महिनाभर मी मागच्या रांगेत बसून नुसते टाळ वाजवले.

अलिबाग
एक गोष्ट कोणी लिहिली नाही : टोचल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. आणि ‘नको वाटली तर काढता येते’ हे खरे असले, तरी ‘हवी तेव्हा घालता येते’ हे खरे नाही. जीभ टोचून तीन महिने झाले असताना मी नोकरीच्या मुलाखतीसाठी सकाळी दांडी काढली. संध्याकाळच्या बोटीने मांडव्याला उतरून घरी पोचले, तोवर भोक इतके आवळले होते की दांडी परत आत जाईना. ती अजून कपाटात कानातल्यांच्या डबीत पडून आहे.